गाविलगडाचा तट आणि आतले पाणी

कारंज्याला बाजाराला जाता तेव्हा वेशीखाली कधी दोन मिनिटे थांबला आहात का? आम्हा धनजच्या माणसांना कारंजा काही परका नाही. कापूस विकायला, औषधपाण्याला, लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथेच जातो. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावे आपल्या तोंडात इतकी बसली आहेत, की ती कशाची नावे आहेत हे विसरायला होते. वेस म्हणजे तटातले दार. दार आहे म्हणजे तट होता. तट होता म्हणजे रात्री दार लागत असे, आणि उशिरा आलेला गाडीवान बाहेरच बैल सोडून पडत असे. आज तो तट बहुतेक पडला, गाव चहूकडे वेशीबाहेर पसरले, आणि वेस राहिली ती पत्ता सांगण्यापुरती.

हा विषय मी आकाशवाणीवर बोललो तेव्हा वेळ मोजका होता. छापताना थोडे ऐसपैस लिहितो, कारण त्या भाषणानंतर मला काही गुरुजींनी विचारले, "सर, मुलांना किल्ला दाखवायला नेतो, पण दाखवायचे काय? भिंत दाखवली, तोफ दाखवली, झाले!" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

तीन गावे डोळ्यांपुढे ठेवा. एक आपले कारंजा: माणसे आहेत, तट गेला. दुसरे आपल्याच वऱ्हाडातले, मेळघाटातल्या डोंगरमाथ्यावरचा गाविलगड: तट पुष्कळसा उभा आहे, आत माणूस नाही. तिसरे फार दूर, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरचे म्दिना नावाचे शहर: टेकडीवर आहे, भोवती अखंड तट आहे, आणि आत अजून माणसे चूल पेटवतात. एकाच हेतूने बांधलेल्या तीन तटांची ही तीन गती. असे का व्हावे? भिंतीकडे कितीही पाहिले तरी याचे उत्तर सापडत नाही.

आता गाविलगडाकडे चला. धनजहून अमरावती, तिथून परतवाडा, आणि परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा. एस.टी.ने सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या आत पोचता. परतवाड्याच्या पुढे सपाट काळी जमीन संपते आणि एकदम समोर डोंगराची भिंतच उभी राहते. ही सातपुड्याची शाखा. तिला गाविलगडचे डोंगर असेच नाव आहे. किल्ल्यावरून डोंगराला नाव पडले. किल्ल्याला मात्र नाव आले ते गवळ्यांवरून असे मानतात. गवळी लोकांनी आधी तिथे मातीची गढी बांधली होती अशी समजूत आहे. म्हणजे राजे येण्याच्या आधी गुरे आली होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. खालच्या मैदानातून पाहिले तर कडा सरळ तुटलेला, वर मात्र माथा सपाट. हे असे का, ते मुलांना जरूर सांगा. आपला सारा दख्खन लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस वारंवार बाहेर आला, पसरला, थिजला. पोळीवर पोळी ठेवावी तसे थर बसले. त्यांतला कठीण थर उन्हापावसाला दाद देत नाही, मऊ थर झिजून जातो. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडतात, कडे तुटतात आणि माथे सपाट राहतात. किल्ला बांधणाऱ्याचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवले होते. जिथे कडा आहे तिथे भिंत नावापुरती, जिथे कडा नाही तिथे भिंत जाड. गाविलगडावर फिरताना हा एकच नियम मनात धरून चालले, तरी भिंत कुठे दुहेरी आणि कुठे एकेरी हे मुले आपणहून ओळखू लागतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास हा दगडी किल्ला बांधला असे फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे बहमनी राज्य मोडकळीस आले, तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ मध्ये किल्ल्याची डागडुजी केली आणि दोनच वर्षांनी, १४९० मध्ये, तो स्वतंत्र झाला. हीच आपली वऱ्हाडची इमादशाही. राजधानी खाली अचलपुरास, आणि पाठीशी हा गड. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण कुळातला, लहानपणी लढाईत पकडला गेलेला, असे फेरिश्ता सांगतो. गडाच्या दिल्ली दरवाज्यावर सिंहाबरोबर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला आहे, तो गंडभेरुंड. विजयनगरच्या मुलखातले हे चिन्ह वऱ्हाडच्या दरवाज्यावर पाहिले, की एका मुलाच्या आठवणीत काय काय राहिले असेल असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. १५७४ मध्ये इमादशाही संपली, गड निजामशाहीत गेला. १५७७ चा बहराम बुरूज त्या काळचा. शतक संपायच्या आत मोगल आले. मग अठराव्या शतकात नागपूरकर भोसले. एवढे पुरे. धनी किती बदलले ते पाठ करून घेण्यात मुलांचा वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

त्यापेक्षा माझीच एक फजिती सांगतो.

पहिल्या खेपेला मी कॉलेजची मुले-मुली घेऊन गडावर गेलो ते ऐन मार्च महिन्यात. दरवाजे पाहू, तोफा पाहू, मशिदीपर्यंत जाऊ आणि दोन तासांत परत फिरू असा हिशेब. पाण्याचे कॅन गाडीतच राहू दिले. वर गेल्यावर कळले की गड म्हणजे एक वाडा नव्हे, एक गावशीव आहे! चालून चालून पाय मोडले, पाणी संपले, आणि एका मुलीला उन्हाने चक्कर आली. सावलीला बसवले, कुणाच्या तरी बाटलीत तळाला राहिलेले दोन घोट पाजले, तेव्हा ती सावरली. माझा मात्र जीव खाली-वर झाला. दोघे जण धावत जाऊन पाणी घेऊन येईतो आम्ही तिथेच एका पडक्या भिंतीच्या सावलीला बसून राहिलो. समोर तलाव होता, पण त्याचे पाणी पिण्याजोगे नव्हते.

तेव्हा आमच्याच भागातल्या एका कास्तकाराच्या पोराने मला विचारले, "सर, एवढ्या लोकायले इथं दाणापाणी कुठून येत होतं जी?"

मी एम.ए. झालेला माणूस. लढायांच्या तारखा मला पाठ होत्या. हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. शेती करणाऱ्या घरातल्या मुलाला तो पहिल्याच दिवशी पडला.

तेव्हापासून मी गड उलट्या बाजूने पाहायला शिकलो. आधी पाणी, मग वाट, मग दाणा, आणि सर्वांत शेवटी भिंत.

पाण्याचे पाहा. गाविलगडावर एक-दोन नव्हे, अनेक तलाव आहेत. डोंगरमाथा म्हणजे नदी नाही, वरून वाहत येणारे काही नाही. मिळेल ते पाणी आकाशातून. मेळघाटात पाऊस आपल्या कारंज्या-धनजपेक्षा पुष्कळ जास्त, हे खरे. पण तो चार महिन्यांत पडून कड्यावरून खाली उड्या मारतो. तो अडवायचा कसा? जिथे माथ्याला जरा खोलगट भाग आहे तिथे बांध घालायचा, खडक खोदून तळ करायचा, दगडी पायऱ्या बांधायच्या. खालचा काळा पाषाण अखंड असेल तर पाणी फारसे झिरपत नाही. भेगाळ असेल तर झिरपते आणि खालच्या अंगाला झरा होऊन निघते. बांधणाऱ्यांना हे कळत होते. आज आपण शेततळे खोदतो, त्यात प्लास्टिक अंथरतो; ही मंडळी खडकाची परीक्षा करून जागा निवडत. प्रत्येक तलाव कुणाच्या वापराचा होता, हत्ती-घोड्यांचा कुठला आणि पिण्याचा कुठला, हे आता सांगता येत नाही. पण चढउतार पाहून पाणी कुठून कुठे येत असेल हे मुलांना बोटाने दाखवता येते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आइन-इ-अकबरीत गाविलगडाचे वर्णन केले आहे. त्यात तो इथल्या एका झऱ्याचा मुद्दाम उल्लेख करतो, की त्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. आपल्याकडे अजूनही लोहार विळ्याला, वखराच्या पाशीला पाणी देतो, तसेच. तापलेले पोलाद थंड पाण्यात बुडवले की धार कठीण होते. पाण्यात काही जादू नसते, पण गावोगावचे लोहार आपापल्या विहिरीची थोरवी सांगतातच!

आता वाट. गडाला वाटा किती आणि त्या कशा, यावर त्याचे सारे नशीब. दक्षिणेची वाट खालच्या मैदानातून सरळ वर चढणारी, इतकी उभी की फक्त पायी माणूस जाईल. वायव्येची वाट नेहमीच्या रहदारीची, पण अरुंद, आणि बराच वेळ तटाच्या माऱ्याखालून जाणारी. या वाटांवरचे दरवाजे बघण्यासारखे आहेत. दरवाज्यासमोर सरळ मोकळी जागा कधी ठेवत नाहीत. वाट वळते, भिंतीला लगटून जाते, पुन्हा वळते, आणि मग एकाएकी दार समोर येते. का? हत्तीला धाव घेता येऊ नये, आणि वळणावर अडखळलेल्या माणसांवर वरून मारा करता यावा. एका दारातून आत गेले की संपले नाही, पुढे दुसरे. मुलांना या वाटेने चालत न्या आणि वाटेत थांबवून विचारा, "आता तुझ्या डोक्यावर कोण उभा आहे?" ती वर पाहतात आणि त्यांना आपोआप समजते.

तिसरी वाट उत्तरेची. इथे मात्र डोंगर तुटलेला नाही. गडाची आणि पलीकडच्या पठाराची जमीन जवळपास एका पातळीला आहे. म्हणून त्या बाजूला भिंतीवर भिंत घातली: आतला किल्ला, त्याला पांघरूण घालणारा बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढे आणखी एक तट. बांधणाऱ्यांना दुखरी जागा ठाऊक होती. पण त्यांचा खरा भरवसा भिंतीवर नव्हता, जंगलावर होता. त्या बाजूला यायचे तर अचलपुरापासून जवळजवळ ३० मैल डोंगरातून, दऱ्याखोऱ्यांतून यावे लागे. एवढ्या वाटेने अवजड तोफा कोण आणणार?

१८०३ साली आणल्या. इंग्रज आणि मराठे यांचे दुसरे युद्ध चालू होते. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली. भोसल्यांच्या पायदळातले पुष्कळ लोक तिथून निघून गाविलगडावर आले. पाठोपाठ आर्थर वेलस्ली आला. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. त्याने फौजेचे दोन भाग केले. स्वतः दक्षिणेला, मैदानाच्या बाजूला राहिला, आणि कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडे धाडले. ७ डिसेंबरला स्टीव्हन्सन निघाला. वाट नव्हती, तेव्हा आधी वाट करायची आणि मग तीवरून तोफा माणसांच्या हातांनी ओढायच्या, असे पाच दिवस चालले. १२ तारखेला तो उत्तरेच्या, इंग्रजी कागदांत लबाडा असे नाव लिहिलेल्या खेड्याशी पोचला. त्याच रात्री तोफांचे मोर्चे बांधले. १३ ला सकाळी मारा सुरू झाला. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारे पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला.

यापुढचा भाग मी वर्गात सांगतो तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या तटाला खिंडार नव्हते. दरवाज्यातून आत शिरता येईना. तेव्हा कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याची एक तुकडी शिड्या लावून तटावर चढली, आत उतरली आणि तिने दरवाजा आतून उघडला. मग जे झाले ते झाले. वेलस्लीने स्वतःच्या अहवालात लिहिले आहे की फार मोठ्या संख्येने माणसे मारली गेली, विशेषतः दरवाज्यांपाशी. किल्लेदार बेणीसिंग मृतांच्या राशीत सापडला. जे दरवाजे शत्रूला कोंडण्यासाठी वळणावळणाचे बांधले होते, त्यांच्यातच आतली माणसे कोंडली गेली. बाहेर पळायला त्याच अरुंद वाटा होत्या ना!

म्हणून दरवाज्याच्या त्या बोळात उभे राहून मुलांनी आरडाओरडा केला, सेल्फी काढल्या, भिंतीवर नावे खरडली, की माझ्या मनाला लागते. मी रागावत नाही. तिथे काय झाले एवढे फक्त सांगतो. बहुतेक मुले त्यानंतर हलक्या आवाजात बोलतात.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले. आणखी काही दिवसांनी, ३० डिसेंबरला, आपल्याच वऱ्हाडातल्या सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. हिंदुस्थानचा नकाशा बदलणारे दोन कागद महिन्याच्या आत इथे, वऱ्हाडात, सही झाले. परीक्षेत मुले तहांची नावे लिहितात. ती गावे परतवाड्याच्या आसपासच आहेत हे त्यांना माहीत नसते. गुरुजी, एवढे तरी नकाशावर दाखवाच.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८५८ मध्ये, तात्या टोपे गाविलगड हाती घेईल या भीतीने इंग्रजांनी किल्ल्याची बांधकामे मोडून तो निकामी केला. तेव्हापासून वर वस्ती नाही.

आता त्या कास्तकाराच्या पोराच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग: दाणा. पाणी वर होते, दाणा वर नव्हता. डोंगरमाथ्यावर सैन्याला पुरेल इतकी शेती होत नाही. ज्वारी, तूर, डाळ खालून, पायनघाटातून, बैलांच्या पाठीवर चढत असणार. वर राहणारी माणसे मुख्यतः चाकरीची: शिबंदी, तोफखान्याचे लोक, कारकून, त्यांची बायका-मुले, आणि त्यांच्यावर पोट असणारे बलुतेदार-दुकानदार. पगार आहे तोवर बिऱ्हाड आहे. ज्या दिवशी पगार थांबला त्या दिवशी तिथे राहायचे कारणच संपले. तटबंद गाव म्हणून जे दिसते, ती खरे तर एक मोठी छावणी होती. गवळी मात्र आधीही होते आणि नंतरही राहिले. आजही चिखलदऱ्याच्या आसपास गवळी दूध-खव्याचा धंदा करतात. त्यांना राजाच्या पगाराची गरज नव्हती, गवताची होती.

इथे माल्टाची गोष्ट उपयोगी पडते. माल्टा हे भूमध्य समुद्रातले, इटलीच्या दक्षिणेचे चिमुकले बेट. आपल्याला ते अगदीच अनोळखी नाही. १८७८ साली इंग्रजांनी मुंबईहून सुमारे सात हजारांची हिंदी फौज तिथे नेऊन उतरवली होती. त्या शिपायांना ते बेट कसे वाटले असेल कोण जाणे. बारमाही नदी एकही नाही, मोठे जंगल नाही. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, त्याचेच बांध, त्याचीच घरे. बेटाच्या मध्याजवळ एका टेकडीच्या टोकावर म्दिना आहे. रोमन काळात इथे मेलिते नावाचे मोठे शहर होते. पुढे अरबांचे राज्य आले, तेव्हा शहर आवळून टेकडीच्या टोकापुरते केले आणि उरलेल्या भागापासून खंदकाने तोडले. तटातले ते म्दिना. अरबीत मदिना म्हणजे शहर. तटाबाहेर राहिला तो रबात, म्हणजे उपनगर. ही नावे आजतागायत चालू आहेत.

१५३० मध्ये सेंट जॉनचे नाइट्स, म्हणजे धर्मयोद्ध्यांची एक संघटना, माल्टाची मालक झाली. ते दर्यावर्दी लोक. त्यांना टेकडी नको, बंदर हवे होते. त्यांनी राजधानी समुद्रकाठी नेली. १५६५ मध्ये तुर्कांनी बेटाला प्रचंड वेढा घातला. त्या वेळी म्दिनात सैनिक थोडे असल्याने गावातल्या बाया-बापड्यांना शिपायांचे कपडे चढवून तटावर उभे केले आणि शत्रूने मोर्चा फिरवला, अशी गोष्ट तिथे सांगतात. वेढा उठल्यावर १५६६ पासून व्हॅलेटा ही नवी राजधानी उभी राहिली. आणि तिला पाणी कुठून? १६१० ते १६१५ या काळात रबातच्या बाजूच्या झऱ्यांचे पाणी पाटाने, कमानींवरून, थेट व्हॅलेटापर्यंत नेले. सत्ता तर खाली गेलीच, मागोमाग पाणीही गेले! त्यातच १६९३ च्या जानेवारीत भूकंपाने म्दिनाचा बराच भाग पाडला.

गाविलगडासारखे तेही ओस पडायला हवे होते. पडले नाही. कारण तिथले जुने जमीनदार घराण्यांतले लोक पगारावर राहत नव्हते. त्यांची शेते खाली होती आणि वाडे वर. बिशपचे मोठे देऊळ तिथे होते, ते भूकंपानंतर त्यांनी पुन्हा बांधले. १७२४ मध्ये नवा दरवाजा बांधला. आणि दारालगत रबात होतेच: तिथे भाजी पिके, भाकरी भाजली जाई, मजूर मिळे. आज म्दिनात तीनशेच्या आत माणसे राहतात. बाहेरच्यांच्या मोटारींना आत मज्जाव आहे, म्हणून तिला शांत नगरी म्हणतात. दिवसा प्रवाशांची झुंबड, आणि संध्याकाळी ती गेली की अरुंद बोळांत आपल्याच चपलांचा आवाज. म्हणजे तिचीही तब्येत फार ठणठणीत आहे असे नव्हे. घरे मोलाची झाली, राहणारे कमी झाले. प्रवाशांच्या पैशावर गाव उभे राहते, पण प्रवासी काही तिथे संसार करत नाहीत.

आणि आपले कारंजा? त्याला ना कडा ना डोंगर. लाडांचे व्यापारी गाव, जैनांची जुनी पीठे, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले, ते त्याच्या श्रीमंतीची कीर्ती होती म्हणूनच. पण भोवती काळी जमीन होती, चार वेशींतून चार वाटा निघत होत्या, त्या वाटांवर खेडी होती, आणि खेड्यांना बाजार हवा होता. लुटले गेले, पुन्हा भरले. पुढे कापूस आला, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी आली. ती शकुंतला आज बंद आहे, बाजार चालूच आहे. तटाची कुणाला आठवण येत नाही, कारण त्याच्यावाचून कुणाचे अडत नाही.

गुरुजींना जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गड पाहायला पावसाळा संपल्यावर जावे. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. तेव्हा तलावात पाणी असते आणि ते कुठून आले हे दिसते. चिखलदरा गावापासून गड जवळ आहे, पण आत फिरायला निदान चार तास धरा. दरमाणशी दोन लिटर पाणी पाठीवर घ्या, गाडीत ठेवू नका. माझी गोष्ट विसरू नका. तलावाच्या काठाला शेवाळ असते, पायऱ्या निसटत्या आहेत, मुलांना उतरू देऊ नका. तटावर चढण्याचा हट्ट नको. पुष्कळ ठिकाणी दगड सुटलेले आहेत. हा सारा मेळघाटाचा मुलूख, १९७३-७४ पासूनचे व्याघ्र प्रकल्पाचे रान. अस्वल, बिबट्या यांचे येणे-जाणे असते. म्हणून वन खात्याच्या चौकीवर नोंद करून जावे आणि ऊन कलायच्या आत बाहेर पडावे. तोफा मोठ्या आहेत, मुले त्यांच्यावर बसून फोटो काढायला धावतील. एक फोटो काढू द्या आणि मग विचारा की एवढे लोखंड या माथ्यावर कुणी आणि कसे चढवले असेल.

मोठी मशीद गडाच्या उंच भागावर आहे. तिथून दक्षिणेला पाहिले, हवा स्वच्छ असली, तर खाली पूर्णेचे सारे खोरे उघडे पडते: शेतांचे तुकडे, गावांची झाडी, रस्त्यांच्या रेघा. माझ्या मागच्या खेपेला तोच मुलगा, आता स्वतः शिक्षक झालेला, आपली चौथीची पोरे घेऊन माझ्याबरोबर होता. त्याने त्यांना कड्यापासून लांब, ओळीने बसवले आणि खाली बोट दाखवून म्हणाला, "पाहा रे, ज्वारी तिथून येत होती."